जोडीच्या पत्त्याचं मोल

आपल्या घरांत पत्त्यांचं नाव वाईट आहे. पत्ते म्हटलं की जुगार, जुगार म्हटलं की सूरह अल-माइदाची नव्वदावी आयत. तिथे मैसिर, म्हणजे जुगार, दारूच्या रांगेत बसवलेला आहे. त्यामुळे मुलाच्या मोबाइलवर सुपरहिरोंचे पत्ते दिसले की अब्बांचं एकच वाक्य असतं, "हे बंद कर." मोबाइल बंद होतो, खेळ चोरून चालू राहतो. तो कुठला खेळ खेळतोय, काय विकत घेतोय, कोणत्या हिशोबानं घेतोय, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण हिशोब शिकवणं हे आई-बापाचं काम आहे, आणि या खेळांत शिकवण्यासारखा सगळ्यात चांगला हिशोब जोडीच्या पत्त्यांचा आहे. जोडीचा पत्ता म्हणजे ज्याची खरी ताकद दुसरा एखादा पत्ता सोबत आला तरच बाहेर येते.

क्लोक आणि डॅगर घ्या. १९८२ साली बिल मँटलो आणि एड हॅनिगन यांनी स्पायडरमॅनच्या कॉमिकमध्ये ही जोडी आणली. टायरोन जॉन्सन हा काळा मुलगा आणि टँडी बोवेन ही गोरी मुलगी. तो अंधार, ती उजेड. तिच्या उजेडाशिवाय त्याची भूक शमत नाही. कथेत ही दोघं एकमेकांशिवाय अपुरी आहेत.

२०२२ साली आलेल्या मार्व्हल स्नॅप या मोबाइलवरच्या खेळात दोघांचे वेगवेगळे पत्ते आहेत. मूळ रूपात क्लोक टाकला की पुढच्या फेरीत पत्ते त्याच्या जागी हलवता येतात. डॅगर नव्या जागी सरकली की तिथे समोरच्याचे जितके पत्ते असतील त्या प्रमाणात तिची ताकद वाढते. एकानं दार उघडायचं, दुसरीनं आत शिरायचं. मुलांना ही जोडी लगेच आवडते. इथेच वही-पेन काढून बसावं.

डेक १२ पत्त्यांचा. सुरुवातीला हातात ३ पत्ते, मग प्रत्येक फेरीला १, आणि खेळ साधारणपणे सहा फेऱ्यांचा. म्हणजे शेवटपर्यंत १२ पैकी ९ पत्ते हातात येतात. आपल्याला हवे असलेले दोन्ही पत्ते त्या ९ मध्ये असण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के. चौथ्या फेरीपर्यंत पाहिलं तर ती ३२ टक्क्यांवर येते. आणि शेवटपर्यंत दोघांपैकी एकच हाती येईल, असे डाव शंभरात ४१ असतात.

हा ४१ आकडा मला महत्त्वाचा वाटतो. जोडीच्या पत्त्याची किंमत करताना जो तो दोघं एकत्र आल्यावर काय धमाल होते ते सांगतो. खरं तर पहिला प्रश्न असा हवा, की जोडीदार आलाच नाही तर हा पत्ता काय करतो? डॅगर नसली तरी क्लोक कामाचा आहे, कारण जागा बदलली की वाढणारे दुसरेही पत्ते आहेत, व्हल्चर आहे, ह्यूमन टॉर्च आहे. डॅगरलाही क्लोक नसला तर आयर्न फिस्ट किंवा हाइमडाल सरकवू शकतो. पण सरकवणारं कुणीच नसेल तर ती नुसती बसून राहते. कथेत दोघं समान असतील, खेळात नाहीत.

दुसरा प्रश्न, आपण उघडलेल्या दाराचा फायदा आणखी कुणाला होतो? क्लोकचं दार दोन्ही खेळाडूंना उघडं असतं. समोरचाही त्यातून आपले पत्ते आणू शकतो. पत्त्यावरची ओळ अर्धी वाचून किंमत ठरवणारे इथे फसतात.

आता कमला खानकडे येतो, कारण आपल्यात चर्चा तिचीच होते. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातली ही मुलगी. संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन आणि चित्रकार एड्रियन अल्फोना यांच्या हातून घडलेली. २०१४ साली मिस मार्व्हल या नावानं तिची स्वतःची मालिका सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी पहिल्या खंडाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. आपल्यातले काही तिच्यावर खूश आहेत, काही म्हणतात ही नावापुरती मुसलमान. दोघंही तिचा मुखवटाच पाहतात.

मार्व्हल चॅम्पियन्स या २०१९ च्या कागदी पत्त्यांच्या खेळात प्रत्येक नायकाचा पत्ता दुहेरी असतो. एका बाजूला मिस मार्व्हल, उलटला की कमला. नायकाची बाजू वर असेल तर खलनायक हल्ला करतो. घरची बाजू वर असेल तर तो हल्ला सोडून आपला कट पुढे रेटतो, पण तेवढ्यात आपल्याला जखमा भरून काढता येतात. सतत नायक राहिलात तर मरता, सतत घरी बसलात तर कट तडीस जातो. हीही जोडीच आहे, एकाच पत्त्याच्या दोन बाजूंची. तिची किंमत फक्त हल्ल्याच्या आकड्यावरून करणारा खेळाडू हरतो.

तिच्या संचात तिचा भाऊ आमिर मदतनीस म्हणून येतो, मैत्रीण नाकियाही येते. कॉमिकमधला आमिर दाढीवाला, नमाजी, धर्माचं बारकाईनं पाळणारा. असा माणूस पडद्यावर दिसला की पुढे काय होणार याची आपल्याला सवय झाली आहे. इथे तो बहिणीच्या बाजूनं उभा आहे. कमला आपली किती, हा वाद घालण्याआधी हा पत्ता पाहायला हवा होता.

जोडीचा विचार आपल्याकडच्या माणसानंही केला आहे. कुवेतचे मानसशास्त्रज्ञ नाईफ अल-मुतव्वा यांनी २००६ मध्ये 'द ९९' ही कॉमिक मालिका काढली, अल्लाहच्या नावांतल्या गुणांवर आधारलेल्या नायकांची. त्यात नायक दोघं-दोघं नाही, तिघं-तिघं मिळून काम करतात. याचं एक कारण त्यांनी सांगितलं ते आपल्या घरातलंच, परक्या मुला-मुलीला एकांतात ठेवायचं नाही. संस्कारातून आलेला नियम खेळाची रचना ठरवू शकतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

शेवटी पैशांचं. माझा आक्षेप पत्त्यांना नाही, बंद पाकिटाला आहे. कागदी पत्त्यांच्या अनेक खेळांत आत काय आहे ते न कळता पाकीट विकत घ्यावं लागतं. जोडीतला एक पत्ता निघाला की मूल दुसऱ्यासाठी आणखी पाकिटं फोडतं. अर्धी जोडी हेच आमिष. आत काय मिळणार हे माहीत नसताना दिलेला पैसा, याला आपल्या फिकहमध्ये गरर म्हणतात आणि व्यवहारात तो का नको, हे मदरशातल्या मुलालाही समजावता येतं. मार्व्हल चॅम्पियन्सच्या नायक-संचात काय आहे ते आधीच ठरलेलं असतं, प्रत्येक डब्यात तेच. म्हणजे दुसऱ्या पद्धतीनंही हा धंदा करता येतो. जोडीचे पत्ते कंपन्यांनी एकाच पाकिटात द्यावेत, नाहीतर मुलांना विकू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कंपन्या ऐकेपर्यंत आपण थांबायचं कारण नाही. पुढच्या वेळी मुलगा जोडीच्या पत्त्यासाठी पैसे मागेल तेव्हा लगेच नाही म्हणू नका. त्याला तीन गोष्टी विचारा: जोडीदार नसताना हा काय करतो, दोघं एकत्र येण्याची शक्यता किती, आणि पाकिटात हाच निघेल हे नक्की आहे का? तिसऱ्याचं उत्तर "माहीत नाही" असेल, तर पैसे द्यायचे नाहीत. का नाही, ते तोच तुम्हाला सांगेल.