इंजिनाचे गुणमेलन

मुलीसाठी स्थळ पाहताना आपण मुलाचे शिक्षण, पगार, घरदार सारे पाहतो. तरी एक प्रश्न उरतोच: ह्या दोघांचे पटेल का? मोटारीच्या इंजिनाचेही तसेच आहे. उत्तम पिस्टन आणले, उत्तम क्रँक आणला, म्हणून इंजिन उत्तम होतेच असे नाही. एकेकटे सारे गुणी, पण एकत्र आले की रोज खडाजंगी, अशी घरे वाचकांनी पाहिली असतीलच. फरक एवढाच, की घरातले भांडण शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत जाते आणि इंजिनातले साऱ्या आळीला ऐकू येते!

माझा पुतण्या अमेरिकेत ओहायोत असतो. त्याने जुनी शेव्हरोले गाडी घेतली आणि आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला हाताशी धरून तिचे इंजिन नव्याने बांधायला काढले. सूनबाईंनी खर्चाची मर्यादा आखून दिली होती, आणि ती ओलांडली तर गाडीसकट गॅरेज रिकामे करायचे, असा तह झाला होता. तेव्हा ह्या कामात चुकीला जागा नव्हती. माझे आयुष्य यंत्रशाळेत गेले असल्याने सल्ल्यासाठी फोन माझ्याकडे आला.

आधी इंजिनाची थोडी ओळख. शेव्हरोलेचे हे आठ सिलिंडरांचे घराणे १९५५ साली जन्मले. ह्या घराण्याची मौज अशी, की एका भावाचे पुष्कळसे भाग दुसऱ्याला बसतात. १९६७ साली त्यात ३५० घन इंचांचे इंजिन आले आणि १९७० साली ४०० घन इंचांचे. पुढे हौशी लोकांनी ह्या दोघांचा संसार मांडला. ब्लॉक ३५० चा, क्रँक ४०० चा, आणि सिलिंडर चार इंचांवरून ४.०३० इंच घासून मोठे केलेले. त्यातून ३८३ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.२७ लिटरचे इंजिन तयार होते. आपल्या प्रीमियर पद्मिनीचे चारही सिलिंडर मिळून १,०८९ घन सेंटिमीटर भरत. इथे एकेक सिलिंडरच ७८४ चा!

पुतण्याला हेच ३८३ बांधायचे होते. ब्लॉक होता, ४०० चा क्रँक भंगारात स्वस्त मिळाला होता, ५.७ इंच लांबीचे ३५० चे कनेक्टिंग रॉड होते. राहिले पिस्टन. एक विक्रेता म्हणाला, "ब्लॉक ३५० चा ना? मग हे घ्या ३५० चे पिस्टन, ४.०३० मापाचे. हमखास बसतील." किंमतही निम्मी. पैसे द्यायच्या आदल्या रात्री त्याने मला विचारले, "काका, घेऊन टाकू का?"

मी म्हटले, "आधी पोरीला कागद-पेन्सिल घेऊन बसव."

पायाने चालवायचे शिलाई मशीन आठवा. पायटा खाली-वर होतो आणि दांडा चाक फिरवतो. इंजिनात पिस्टन खाली-वर होतो आणि कनेक्टिंग रॉड क्रँक फिरवतो. पिस्टन अगदी वर पोहोचला की तीन मापांची बेरीज होते: क्रँकच्या धावेचे अर्धे, रॉडची लांबी, आणि पिस्टनच्या पिनेपासून माथ्यापर्यंतची उंची. ही बेरीज ब्लॉकच्या उंचीत मावली पाहिजे. क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंत ही उंची ९.०२५ इंच असते.

मूळ ३५० मध्ये धाव ३.४८. म्हणून १.७४ अधिक ५.७ अधिक १.५६, बरोबर ९.०००. पिस्टन २५ हजारांश इंच आत राहतो. झकास! ४०० ची धाव ३.७५, म्हणून कारखान्याने रॉड आखूड, ५.५६५ चा ठेवला. १.८७५ अधिक ५.५६५ अधिक १.५६, पुन्हा ९.०००. आता पुतण्याचा बेत पाहा: १.८७५ अधिक ५.७ अधिक १.५६. पोरीने बेरीज केली आणि ओरडली, "आजोबा, ९.१३५!"

म्हणजे पिस्टन ब्लॉकच्या ११० हजारांश इंच बाहेर डोकावणार, आणि वरची गॅस्केट दाबल्यावर जेमतेम ४० हजारांश जाड. पहिल्याच फेऱ्यात पिस्टन हेडवर आपटला असता. विक्रेता खोटे बोलला नव्हता. पिस्टन सिलिंडरात बसतच होते, फक्त संसारात बसत नव्हते. त्यांनी १.४२५ उंचीचे, खास ३८३ साठी बनवलेले पिस्टन घेतले आणि बेरीज नऊवर आली.

पण एवढ्याने गुणमेलन संपत नाही. ४०० च्या क्रँकचे मुख्य जर्नल २.६५ इंचांचे, तर ३५० चे २.४५ चे. ते घासून घ्यावे लागतात. ४०० चा क्रँक बाहेरून तोललेला असतो, म्हणून त्याच्याबरोबर पुढचा डँपर आणि मागचे फ्लायव्हील ४०० चेच घ्यावे, नाहीतर इंजिन थरथर कापते. धाव वाढल्याने रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या कडेला आणि कॅमशाफ्टला घासू शकतात. तिथे हाताने फिरवून पाहावे, लागेल तिथे ब्लॉक कोरावा.

दाबाचेही तसेच. हेडची पोकळी ७६ घन सेंटिमीटरची ठेवली, तर घासलेल्या ३५० मध्ये दाबाचे प्रमाण ८.६ च्या आसपास येते. तेच हेड ३८३ वर चढवले, की ते ९.२ होते. ६४ ची छोटी पोकळी घेतली तर १०.४ च्या घरात जाते, आणि मग साधे पेट्रोल परवडत नाही. हेड जोरदार दिसते म्हणून घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड!

माझा सल्ला थोडक्यात असा. गाडीकडून काय काम घ्यायचे ते आधी ठरवावे, मग क्रँक, मग रॉड, मग पिस्टन, मग हेड आणि शेवटी कॅमशाफ्ट निवडावा. प्रत्येक भागाचे माप छापील तक्त्यावरून मानू नये, स्वतः घ्यावे. सारे एकदा कोरडे जुळवून हाताने फिरवावे. आणि "हमखास बसेल" असे कोणी म्हटले, की पाकिटाला हात घालण्याआधी पेन्सिलीला घालावा. पेन्सिल दोन रुपयांत मिळते, ब्लॉक नाही.