फॉरमॅट करण्याआधी क्रम पाहा

जुन्या संगणकाला वेग यावा म्हणून हल्ली अनेक घरांत एसएसडी बसवतात आणि जुनी हार्ड डिस्क साठवणीसाठी तशीच ठेवतात. विचार चांगला आहे. पण कधी कधी त्यानंतर काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढीच ओळ उमटते आणि कुणीतरी सल्ला देतो, “फॉरमॅट मारा.”

आमची विनंती आहे, जरा थांबा. त्या डिस्कवर अब्बांच्या हजयात्रेचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रे, दुकानाचा हिशेब असतो. फॉरमॅट केल्याने तो जाईल आणि दोष कदाचित तसाच राहील.

संगणक चालू झाला की बायोस ठरलेल्या क्रमाने एकेक डिस्क तपासते. नवी डिस्क जोडली की हा क्रम बदलू शकतो. म्हणून आधी पेनड्राइव्ह काढा. मग संगणक चालू करताच डिलीट किंवा एफ२ दाबून (कंपनीनुसार बटण वेगळे असते) बायोस उघडा. दोन्ही डिस्कची नावे दिसतात का? एखादे दिसत नसेल, तर वीज पूर्ण बंद करून केबल नीट बसवा.

नावे दिसत असतील, तर विंडोज असलेली डिस्क पहिली करा. जुन्या बोर्डांत याद्या दोन असतात: एक उपकरणांची, दुसरी हार्ड डिस्कच्या आपसांतल्या क्रमाची. ही दुसरी पाहायची राहून जाते. नव्या, यूईएफआय पद्धतीच्या संगणकात ‘विंडोज बूट मॅनेजर’ ही नोंद वर ठेवा. लेगसी आणि यूईएफआय यांत मात्र उगाच अदलाबदल करू नका. क्रम दरवेळी पुसला जात असेल आणि तारीखही मागे जात असेल, तर बोर्डावरचा सेल संपला आहे. बहुतेक बोर्डांत तो सीआर२०३२ असतो.

आणखी एक फसवी गोष्ट. जुनी डिस्क जोडलेली असताना एसएसडीवर विंडोज टाकले, तर सुरुवातीच्या फायली जुन्या डिस्कवरच राहू शकतात. पुढे ती काढली की संगणक अडतो. अशा वेळी ती परत जोडून पाहा. नव्याने विंडोज टाकायचे असेल, तेव्हा फक्त एसएसडी जोडलेली ठेवा.

एवढे करूनही जमले नाही, तर दुरुस्तीला अवश्य द्या. मात्र सोबत चिठ्ठी लावा: विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.