सरताज गीत आणि सरकारी कान

एखाद्या वर्षात गाजलेल्या गाण्यांची यादी हा रिकामटेकड्यांच्या करमणुकीचा विषय आहे, असे मानण्याची आपल्या सुशिक्षित समाजात प्रथा आहे. इतिहास लिहायचा तो निवडणुकांचा, करारांचा आणि युद्धांचा. गाणी असावीत ती रविवारच्या पुरवणीपुरती. ही समजूत किती उथळ आहे, हे ज्यांना पडताळून पाहायचे असेल त्यांनी १९७५ या एकाच वर्षाकडे डोळसपणे पाहावे.

२५ जून १९७५ च्या रात्री देशावर आणीबाणी लादली गेली. वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले, विरोधी पक्षांचे नेते आणि हजारो कार्यकर्ते कारागृहात गेले. आकाशवाणी तर आधीपासूनच सरकारच्या मुठीत होती. देशात सारे कसे शिस्तीत आणि सुखात चालले आहे, हे तिच्यावरून अहोरात्र सांगितले जात होते. त्याच वर्षाची ‘बिनाका गीतमाले’ची वार्षिक यादी लागली, तेव्हा तिच्या शिखरावर ‘सरताज गीत’ म्हणून कोण विराजमान झाले होते? चंद्र-चांदण्यांचे प्रेमगीत नव्हे, विरहगीतही नव्हे. ‘रोटी कपडा और मकान’ या मनोजकुमार यांच्या चित्रपटातील महागाईवरची कव्वाली! वर्मा मलिक यांनी लिहिलेली, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी स्वरबद्ध केलेली आणि लता मंगेशकर, मुकेश, नरेंद्र चंचल व जानी बाबू कव्वाल यांनी गायिलेली.

हा चित्रपट ऑक्टोबर १९७४ मध्ये प्रदर्शित झाला होता. म्हणजे हे गीत आणीबाणीच्या निषेधार्थ रचलेले नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण ते लोकांच्या ओठांवर का रुळले, याचे उत्तर त्या काळाच्या बाजारभावांत आहे. १९७४ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंची दरवाढ २८ टक्क्यांच्या घरात पोहोचली होती. १९७२ च्या दुष्काळाच्या झळा महाराष्ट्र विसरला नव्हता. मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली गृहिणी हाती लाटणे घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या त्या आंदोलनाच्या अग्रणी समाजवादी आणि साम्यवादी विचारांच्या होत्या. परंतु स्वयंपाकघरातील रिकाम्या डब्याला पक्ष नसतो. लाटणे मोर्च्यात जी वेदना होती, तीच त्या कव्वालीत होती. वृत्तपत्रांना जे छापता येत नव्हते, ते समाज गात होता.

यावर आमचे बुद्धिवंत मित्र म्हणतील, की एका दंतमंजन कंपनीने प्रायोजित केलेली यादी म्हणजे काही जनमताचा कौल नव्हे. मान्य आहे. आरंभी श्रोत्यांच्या पत्रांवरून आणि पुढे दुकानांतील ध्वनिमुद्रिकांची विक्री व श्रोता संघांची पसंती यांवरून ती ठरत असे. तीत त्रुटी असणारच. पण ही यादी दिल्लीहून नव्हे, तर कोलंबोहून का प्रसारित होत होती, हा प्रश्न हे मित्र कधीच विचारत नाहीत.

त्याचे उत्तर पुन्हा दिल्लीतच सापडते. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण केसकर हे महाराष्ट्रीय गृहस्थ माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांना कळकळ होती आणि त्या संगीताची त्यांनी केलेली सेवा कोणीही नाकारू नये. मात्र चित्रपटगीत हे हीन अभिरुचीचे, म्हणून ते आकाशवाणीवरून हटवले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. परिणाम काय झाला? श्रोत्याने कान बंद केले नाहीत. रेडिओची सुई तेवढी फिरवली. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी यांच्या आवाजात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री सारा भारत परदेशी केंद्राभोवती गोळा होऊ लागला. स्वदेशी नभोवाणीला शहाणपण सुचले ते ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, ‘विविध भारती’च्या रूपाने. तोवर आपल्याच लोकांची आवड मोजण्याचा मान आपण समुद्रापलीकडे देऊन बसलो होतो.

याच १९७५ सालाची दुसरी साक्ष काढू. ‘शोले’ आणि ‘दीवार’ या भव्य चित्रपटांच्या वर्षात ‘जय संतोषी माँ’ हा अल्प खर्चात तयार झालेला चित्रपट त्यांच्या पंक्तीला जाऊन बसला. गीते कवी प्रदीप यांची, संगीत सी. अर्जुन यांचे, आरतीचा स्वर उषा मंगेशकरांचा. स्त्रिया चपला काढून चित्रपटगृहात शिरत, पडद्यावर फुले आणि नाणी उधळत. गूळ-चण्याचा नैवेद्य आणि आंबट वर्ज्य असलेले शुक्रवारचे व्रत घराघरांत पोहोचले. याला अडाणीपणा म्हणून नाके मुरडणारे तेव्हा होते, आजही आहेत. सामान्य स्त्रीची श्रद्धा ही ज्यांना केवळ उपहासाची वस्तू वाटते, त्यांनी लोकशाहीच्या गप्पा माराव्यात, हा विनोदच नव्हे काय?

तुच्छतेकडून सक्तीकडे जाण्यास फार अंतर लागत नाही. १९७६ मध्ये ते अंतरही संपले. सरकारी कार्यक्रमांच्या प्रचाराला सहकार्य करण्यास किशोर कुमार यांनी नकार दिला, तेव्हा मे महिन्यात आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून त्यांची गाणी बंद करण्यात आली. माहिती व नभोवाणी खाते तेव्हा विद्याचरण शुक्ल यांच्याकडे होते. पुढे शहा आयोगासमोर हे सारे प्रकरण उघड झाले. केसकरांचा हेतू संस्कृतिरक्षणाचा होता, शुक्लांच्या खात्याचा हेतू सूड उगवण्याचा होता. दोघांना एका मापाने तोलणे अन्यायाचे होईल. पण लोकांनी काय ऐकावे हे खुर्चीने ठरवावे, हे सूत्र मात्र दोन्हीकडे एकच होते. पहिल्याने वहिवाट पाडली, दुसऱ्याने त्याच वाटेवरून रणगाडा नेला.

आज ती खुर्ची बाजूला झाली आणि तिथे थैली येऊन बसली आहे. २०१९ च्या जुलैमध्ये एका हिंदी गाण्याने २४ तासांत साडेसात कोटी वेळा पाहिले गेल्याचा दावा केला. त्या आकड्यात पैसे मोजून केलेल्या जाहिरातींचा वाटा किती, यावर वाद झाला आणि त्याच सप्टेंबरात यूट्यूबने जाहिरातींतून आलेले असे आकडे विक्रमांत न धरण्याचे ठरवले. तरीही मूळ प्रश्न सुटलेला नाही. पूर्वी गाणे आवडले म्हणून वर जात असे. आता वर दिसते म्हणून ते आवडून घ्यावे लागते. विवाहाच्या वरातीत आणि गणेशोत्सवाच्या मंडपातही तेच वाजते, कारण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तेच पुढे केले जाते.

म्हणूनच आपल्या वाचकांशी दोन शब्द स्पष्टपणे बोलले पाहिजेत. एखादे बीभत्स गाणे कानी आले, की त्यावर बंदी घालावी, अशी मागणी आपल्यातूनही उठते. संताप समजण्याजोगा आहे. परंतु बंदीची चव ज्यांनी स्वतः घेतली आहे, ज्यांच्या घरातील माणसे त्या एकवीस महिन्यांत तुरुंगात होती, त्यांनी तरी हे हत्यार इतक्या सहजतेने मागू नये. आज ते आपल्या नावडत्या गाण्यावर चालेल. उद्या ते कोणाच्या हाती असेल आणि कोणाच्या गळ्यावर चालेल, याची शाश्वती कोण देणार? शिवाय बंदीने अभिरुची घडत नाही, हे केसकरांच्या काळात सिद्ध झालेच आहे.

अभिरुची घडते ती घरात. मुलांच्या कानावर ओव्या, अभंग, भावगीते, नाट्यपदे पडत असतील, तर नव्या गाण्यातील सोने कोणते आणि मुलामा कोणता, हे ती आपोआप ओळखतील. गणेशोत्सवात काय वाजवायचे, हे मंडळाचा कार्यकर्ता ठरवतो. तो कार्यकर्ता आपलाच आहे. त्याला काही सांगायचे असेल, तर त्याच्याजवळ बसून चांगले गाणे ऐकवावे लागेल, पोलीस ठाण्यात अर्ज देऊन भागणार नाही. १९७५ च्या समाजाला त्याची वेदना कोणत्या गीतात आहे आणि त्याची श्रद्धा कोणत्या आरतीत आहे, हे कोणी शिकवावे लागले नव्हते. तो विवेक पुढच्या पिढीच्या कानांत उतरवणे, एवढेच आपल्या हाती आहे आणि तेवढे केले तरी पुष्कळ आहे.