गार डबा, जपानी रीत



वैशाखात उल्हास नदीचे पात्र रोडावते आणि आमच्या दहिवलीत जेवणावरची वासनाच उडते. चिरंजीवांची अडचण निराळी. दुकान रात्री आठला बंद होते, म्हणून सूर्यास्तापूर्वीचा डबा तेथेच पाठवावा लागतो. गार पोळीभाजी ते दोन घास खाऊन बाजूला सारीत. चौविहार पाळला जाई, पण अर्धपोटी.

तोड सापडली ती जपानी घरगुती जेवणात. भात, एक सार आणि दोन-तीन लहान वाट्या अशी त्यांची मांडणी. तेल नाममात्र, आणि उन्हाळ्यात कित्येक पदार्थ गारच वाढतात. मात्र तपासणीवाचून मंजुरी देण्याची मला सवय नाही. त्यांच्या साराचा आधार बहुधा सुकविलेला मासा असतो. सोया सॉस महिनोन्महिने आंबवितात. ही दोन्ही कलमे नामंजूर. तेथील बौद्ध मठांच्या ‘शोजिन’ स्वयंपाकात मांस, मासे, कांदा, लसूण वर्ज्य असले, तरी मुळा व गाजर चालते. तेव्हा ‘शाकाहारी’ या एका शब्दावर विसंबू नये. कोबे शहरात मोत्यांच्या व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या जैन कुटुंबांनी १९८५ मध्ये मंदिर उभारले. परमुलखात मर्यादा राखता येते, तर कर्जतच्या पेठेत का येऊ नये?

आमचे ताट असे. जाड तांदळाचा मऊ भात. काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटांनी पिळाव्या, वर लिंबू व चिमूटभर साखर. सोयाबीनच्या दुधाचे पनीर, म्हणजे टोफू, उकळत्या पाण्यातून तीन मिनिटे काढून निववावे. त्यावर कोकमाचे आगळ आणि आल्याऐवजी सुंठ. दुधीच्या फोडी मीठपाण्यात शिजवून त्यांचेच पातळ सार करावे. जपानी गृहिणी तीळ भुरभुरते. फाल्गुनी चौमासीनंतर आपण तीळ घेत नाही, म्हणून भाजलेल्या दाण्यांचे कूट. पेय म्हणून जव तांबूस भाजून, लिटरभर पाण्यात दोन चमचे घालून दहा मिनिटे उकळावे व गाळून निववावे. जपानी घरांत उन्हाळाभर हेच पितात. सारे त्याच दिवशी करावे. वाशी ठेवू नये.

जपानी माणूस या ताटाला आपले म्हणेल, असा माझा दावा नाही. पण त्या संध्याकाळी डबा पूर्ण रिकामा परतला. सौभाग्यवतींनी तो दोनदा उघडून पाहिला आणि दुसऱ्या दिवसासाठी जव निवडावयास घेतले.