अंतर्गळाची जाळी व एक दबक्या आवाजांतील शंका

जळगांवाहून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील दोंडाईचा हें धुळें जिल्ह्यांतील गांव मिरचीच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. शस्त्रवैद्यांच्या जगांत मात्र त्याचें नांव मच्छरदाणीमुळें झालें! अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेंत पोटाच्या दुबळ्या भिंतीस आधार म्हणून जी महाग जाळी बसवितात, तिच्याऐवजीं मच्छरदाणीचें कापड निर्जंतुक करून डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनीं तेथें वापरलें, आणि २००३ सालीं आपले व सहकाऱ्यांचे अनुभव प्रसिद्ध केले. पुढें युगांडांत ३०२ पुरुषांवर स्वस्त व महाग जाळीची तुलना झाली; २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत वर्षअखेर दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं.

खर्चाचा प्रश्न असा सुटला, तरी दुसरी एक शंका उरतेच. जाळीनें पुरुषत्वास बाध येतो काय? हें कोणी मोठ्यानें विचारीत नाहीं.

वृषणाच्या नाजूक रक्तवाहिन्या व वीर्यवाहिनी यांची दोरी जांघेच्या त्याच वाटेनें जाते. वृषणास गंभीर इजा क्वचितच होते. आणि झालीच तर तिचें कारण बहुधा जाळी नसून, दोरी सोडवितांना बारीक शिरांस धक्का लागून त्यांत रक्त गोठणें हें असतें. गळ अंडकोशांत उतरून जुनाट झाला असल्यास, किंवा शस्त्रक्रिया दुसऱ्यांदां करावी लागल्यास, हा धोका वाढतो. म्हणूनच कित्येक शस्त्रवैद्य खोल उतरलेली पिशवी ओढून न काढतां तिचा खालचा भाग तेथेंच राहूं देतात. आमच्या खानदेशांत ‘कापूस घरीं येऊं द्या, मग पाहूं’ असें म्हणत वर्षानुवर्षें पट्टा बांधून हिंडणारे गृहस्थ कमी नाहींत. जाळीला भिणाऱ्या या मंडळींस दिरंगाईचें भय वाटत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

शस्त्रक्रियेनंतर अंडकोश थोडा सुजणें वा काळानिळा पडणें हें नेहमींचेंच. आधाराची लंगोट वापरली म्हणजे तें हळूहळू ओसरतें. परंतु पहिल्या कांहीं दिवसांत वृषण टणक होऊन वर ओढला गेला, वेदना वाढत चालल्या किंवा ताप आला, तर त्याच दिवशीं शस्त्रवैद्यास दाखवावें. ध्वनिलहरींच्या तपासणींत रक्तप्रवाह आहे कीं नाहीं हें कळतें. असा वृषण कधीं पूर्ववत् होतो, कधीं कांहीं महिन्यांत सुकून लहान होतो. दुसरा निरोगी असल्यास संततीस व पुरुषत्वास सामान्यतः तो पुरेसा असतो.

भरल्या घरांत हें दुखणें कोणास सांगावें, हीच खरी अडचण. सुनेजवळ सासरे बोलणार नाहींत; तेव्हां मुलानें किंवा नातवानें पहिला आठवडाभर रोज रात्रीं एकांतांत विचारपूस करावी, आणि उत्तर ‘ठीक आहे’ एवढेंच आलें तर पुन्हां विचारावें.