आधी पाहा, मग सही करा

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात जहाजांचे विमे उतरवले जाऊ लागले. जहाज कोणते, माल कोणता, निघाले कुठे, हे एका कागदावर लिहिलेले असे. ज्याला ती जोखीम पेलेल असे वाटे, तो मजकुराखाली आपले नाव आणि रक्कम लिही. खाली लिहिणारा, म्हणून तो ‘अंडररायटर’. मराठीने या माणसाला अजून धड नाव दिलेले नाही; पण धंद्याचे मर्म त्या शब्दातच आहे. आधी पाहायचे, तोलायचे, मग सही करायची. आणि सही केल्यावर जहाज बुडाले तर पैसे मोजायचे.

बँकेत आम्ही तरी वेगळे काय करत होतो? कर्ज देण्याआधी शेतावर जायचे, विहिरीत डोकावायचे, गावात चार माणसांना विचारायचे. सातबारा सगळेच सांगत नाही.

आता दीपनगरला या. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या इथे, आणि तापीपलीकडे यावल-रावेरचा केळीपट्टा. मोठ्या बॉयलरचा विमा उतरवायचा तर कंपनीचा अभियंता आधी येऊन पाहणी करतो. केळीच्या बागेकडे मात्र विमा उतरवताना सहसा कोणी फिरकत नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात थंडी-उन्हाची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते. पारा ठरलेल्या अंशाखाली ठरलेले दिवस राहिला, की पैसे देय. यात सोय आहे, हे मान्य केले पाहिजे. पंचनाम्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही.

पण यंत्र पारा मोजते, बाग मोजत नाही. २०२२-२३ च्या हंगामात जळगाव जिल्ह्यात केळी नसलेल्या शेतांवरही केळीचा विमा उतरवल्याच्या तक्रारी झाल्या. मग पडताळणी निघाली, आणि ज्यांच्या बागा खरोखर उभ्या होत्या त्यांचेही पैसे रखडले. म्हणजे जे पाहायचे ते हप्ता घेताना पाहिले नाही, पैसे देताना पाहिले! चोर पकडावा, याविषयी दुमत नाही. पण लबाडांची शिक्षा सज्जनांनी का भोगावी? शिवाय हप्त्याचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातूनच जातो.

कंपन्या म्हणतील, हजारो बागा पाहणार कोण? उत्तर त्यांच्याच हाती आहे. भरपाईच्या वेळी जी उपग्रहचित्रे उपयोगी पडतात, ती विमा उतरवतानाही पडतील. राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणीही आहे. आयुर्विम्यात तर १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ४५ तीन वर्षांनंतर पॉलिसीवर शंका घेऊ देत नाही. पीकविम्यातही हप्ता भरल्यापासून काही आठवड्यांची मुदत ठरवावी. शंका असेल तर कंपनीने त्या मुदतीत बागेत यावे, अर्ज नाकारावा, हप्ता परत करावा. मुदत उलटली की सही पक्की.

केळी उत्पादकाला दया नको आहे. त्याने पैसे मोजून एक सही विकत घेतली आहे. त्या सहीला किंमत असावी, एवढेच त्याचे मागणे आहे.