खालच्या कप्प्यात काय होतं?

"हे मलम कातडीतून आत जातच नाही, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय!" असं कुणी ठासून सांगितलं की माझा एकच प्रश्न असतो... खालच्या कप्प्यात काय होतं?

सांगतो. थॉमस फ्रान्झ यांनी १९७५ साली ज्यावर निबंध लिहिला, ते उपकरण आजही 'फ्रान्झ सेल' म्हणून वापरतात. काचेचे दोन कप्पे, मधे कातडीचा पातळ तुकडा. वर मलम, खाली द्रव. ठरावीक वेळाने खालचा द्रव काढायचा आणि औषध किती उतरलं ते मोजायचं. जिवंत प्राण्याला त्रास नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

गोची होते ती तेलात विरघळणाऱ्या औषधांची. कातडीचा सगळ्यात वरचा थर स्निग्ध, त्यात ती खुशाल शिरतात. पण खाली नुसतं मिठाचं पाणी असेल तर पुढे उतरणार कशी? फोडणीत हळद कसा रंग सोडते, आणि गार पाण्यात बहुतेक तळाशीच बसते, तसंच हे! शरीरात मात्र कातडीखाली रक्त वाहतं. त्यातलं अल्ब्युमिन अशा औषधांना धरून घेऊन जातं.

म्हणजे 'शून्य' हे उत्तर कातडीचं नसून पाण्याचं असू शकतं.

'ओईसीडी'च्या २००४ च्या ४२८ क्रमांकाच्या नियमावलीत हे स्पष्ट आहे: खालच्या द्रवात औषध नीट विरघळलं पाहिजे. म्हणून त्यात अल्ब्युमिन किंवा अल्कोहोल घालतात. अल्कोहोल जास्त झालं तर कातडीच बिघडते आणि आकडा फुगतो. शिवाय कातडीत अडकून राहिलेलं औषधही मोजायला हवं, ते नंतर आत जाऊ शकतं.

हा नुसता शास्त्रज्ञांचा काथ्याकूट नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेच्या एफडीएच्या संशोधकांनी २४ जणांना चार दिवस सनस्क्रीन भरपूर लावायला दिलं. तपासलेले चारही घटक रक्तात सापडले. याचा अर्थ सनस्क्रीन घातक असा नाही, ते वापरणं थांबवू नका असंच त्यांनी म्हटलं. पण 'वरच्या वर राहतं' हा भरवसा तेवढा पोकळ ठरला.

माझं मत साधं आहे. खालचा द्रव कोणता, औषध त्यात किती विरघळतं आणि कातडीत किती उरलं, हे सांगितल्याशिवाय दिलेला आकडा मानू नये. लहान मुलाला किंवा गरोदर बाईला लावायच्या मलमाबाबत तर मुळीच नाही.

तुम्हाला काय वाटतं? जरूर लिहा.